झेपचे तीन सेकंद

रविवार, ७ डिसेंबर २०२५

जिंकलो! एकसष्ट–चोपन्न! आपल्या झेपच्या पोरींनी बास्केटबॉलमध्ये हरवलं, आणि तेही औंधच्या पोरींना, ज्या गेल्या वर्षी आपल्याला वीस पॉइंटांनी धुऊन गेल्या होत्या!

आलियाचे तेवीस. एकटीचे! एकोणीस वर्षांची पोर, उंची पाच फूट दोन इंच, समोर एकेक ताडमाड मुलगी. दोघींच्या मधून अशी सटकली की त्या दोघीच एकमेकींवर आपटल्या. मी खुर्चीवर उभा. "पुढे चला! पुढे चला!" हे माझं नेहमीचंच. चौतीस वर्षं पीएमटीच्या बसडेपोत टाइमकीपर होतो, कंडक्टरांचं ऐकून ऐकून तोंडात बसलंय. बाकीचे लोक इंग्रजीतून काय काय ओरडतात. मला बस पुढे काढण्याखेरीज दुसरं सुचत नाही. पण आता निम्मा स्टँड माझ्यामागून तेच ओरडतो!

घरी आलो तर आवाज गायब. हेमा म्हणाली, "बरं झालं. रविवारची संध्याकाळ तरी शांततेत जाईल." ज्येष्ठमधाची काडी मात्र आणून दिली.

सोमवार, ८ डिसेंबर

आवाज अजून नाही. दूधवाल्याला एक बोट दाखवलं. त्याने दोन पिशव्या दिल्या.

रविवार, १४ डिसेंबर

हरलो. लिहायची इच्छा नाही.

तरी लिहितो. मैनाला तिसऱ्या क्वार्टरमध्येच पाचवा फाउल, म्हणजे बाहेर! ती गेली आणि रिंगखाली आपलं कोणी उरलंच नाही. चेंडू उडाला की त्यांच्याच हातात. पाचवा फाउल तर फाउलच नव्हता. मी रेफरीला माझा चष्मा देऊ केला. घेतला नाही.

शुक्रवार, १९ डिसेंबर

अर्धा सीझन संपला. जरा शांत डोक्याने विचार करू.

शहर लीगमध्ये आठ टीम. प्रत्येकीच्या चौदा मॅच. आपल्या सात झाल्या — चार जिंकल्या, तीन हरल्या. सध्या पाचवे. पहिल्या चार टीम नॉकआउटला जातात. झेप क्लब सुरू होऊन अकरा वर्षं झाली, आपण एकदाही पहिल्या चारात नाही! दरवर्षी पाचवे, सहावे. विश्रांतवाडीचं म्युन्सिपाल्टीचं ग्राउंड, फाटक्या जाळीची रिंग, त्यात आणखी काय होणार, असं पेठेतले लोक म्हणतात. म्हणू देत. यंदा माझ्या आत काहीतरी उकळतंय. यंदा होणार!

काय चांगलं चाललंय? आलिया. डोकं आणि पाय एकाच वेळी चालतात, असं माणसांत क्वचित दिसतं. आणि मैना. धानोरीच्या पलीकडून सायकलवर येते, हात घमेल्यासारखे, उडालेला चेंडू तिच्याकडे आपोआप येतो.

काय वाईट? फ्री थ्रो! कोणी अडवत नाही, कोणी अंगावर येत नाही, रिंग जागची हलत नाही — तरी दहातले चार! सुरुची मॅडमना मी हे सांगितलं. मॅडम कोच आहेत, नम्र आहेत. म्हणाल्या, "काका, तुम्ही टाकून बघा ना एकदा." दहा टाकले. त्यावर पुढे लिहीत नाही.

तीन वर्षांपूर्वी मी या ग्राउंडवर पहिल्यांदा गेलो तो तक्रार करायला. खिडकीखाली दुपारभर ठक्-ठक्, माणसाने झोपायचं कधी? अर्ज लिहून नेला होता, तीन प्रतींत. तेव्हा सोळा वर्षांची आलिया एकटीच प्रॅक्टिस करत होती. म्हटलं, हिचा एक बसला की अर्ज देऊ. बसला. म्हटलं, अजून एक बघू. दिवेलागण झाली! अर्ज अजून कपाटात आहे, तिन्ही प्रती.

शनिवार, २० डिसेंबर

केवढी बातमी! लीगच्या घड्याळावर बसणारा मुलगा हिंजवडीला नोकरीला लागला, त्याला रविवारीही सुट्टी नाही. सुरुची मॅडमनी कमिटीला माझं नाव सुचवलं. "चौतीस वर्षं टाइमकीपर होते, यांच्याहून पक्का माणूस कुठे मिळणार?" उद्यापासून मी टेबलावर! कोर्टाच्या अगदी काठावर! हातात घड्याळाचं बटण! रेफरीची शिट्टी झाली की घड्याळ थांबवायचं. चेंडू आत फेकला आणि खेळाडूचा हात लागला की त्या क्षणी सुरू.

अट एकच. टेबलावर बसलेल्याने कोणाच्याही बाजूने ओरडायचं नाही.

हेमा पोळ्या लाटायची थांबली. "तुम्ही? आणि गप्प?" मग परत लाटायला लागली. "उद्या मी पण येते. हे बघायला हवं."

रविवार, २१ डिसेंबर

काय लिहू!

निर्धार क्लबशी मॅच. लीगमधली एक नंबरची टीम, सातपैकी सहा जिंकलेली. एकोणचाळीस मिनिटं मी दगड होतो. ओठ दाताखाली धरून. हेमाने स्टँडमधून दोनदा अंगठा दाखवला.

सत्तावन्न–अठ्ठावन्न. एक पॉइंट मागे. बोर्डावर तीन सेकंद. चेंडू आपला, पण आत फेकायचा कुठून? आपल्याच रिंगखालून! अख्खं कोर्ट पार करायचं! मैनाने फेकला, आलियाच्या हाती लागला आणि ती निघाली. एक टप्पा, दोन, तीन. मी उभा राहिलो होतो! दोन्ही हात वर! "पुढे चला! पुढे चला!" तोंडातून निघूनच गेलं. शेवटचा टप्पा, उडी, चेंडू रिंगमागच्या फळीला लागून आत, आणि लगेच भोंगा! एकोणसाठ–अठ्ठावन्न! एक नंबरला हरवलं! आपण तिसरे!

पोरींनी आलियाला उचललं. रेफरी माझ्याकडे रागाने बघत होता. बघू दे.

निर्धारची कॅप्टन अपूर्वा टेबलापाशी आली. सभ्य मुलगी. म्हणाली, "काका, घड्याळ बरोबर होतं ना?" मी म्हटलं, "बाळा, माझं घड्याळ चौतीस वर्षांत चुकलेलं नाही." तिने मान डोलावली आणि स्कोअरशीटवर सही केली.

सोमवार, २२ डिसेंबर

पोरींच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. आलियाची ती धाव. सकाळपासून अकरा वेळा पाहिला.

बाराव्या वेळी आलियाकडे न बघता तिच्या मागच्या घड्याळाच्या बोर्डाकडे पाहिलं. तीन. ती पळतेय — तीन. मधली रेषा ओलांडतेय — तीन. मग कुठे दोन.

माझे दोन्ही हात वर होते ना! बटणावर कोण होतं मग?

डेपोतलं जुनं स्टॉपवॉच काढलं. चेंडू हातात आल्यापासून सुटेपर्यंत — चार पूर्णांक आठ सेकंद. पाच वेळा मोजलं. चार पूर्णांक आठ.

मंगळवार, २३ डिसेंबर

कोणाच्या लक्षात आलेलं नाही. सही झाली आहे. मॅच संपली आहे. रेफरीने भोंगा ऐकला, बास्केट दिली. मी काय मुद्दाम केलं का? निर्धारला एका हरण्याने काय फरक पडतो? ते पहिलेच राहणार. आपण मात्र अकरा वर्षं थांबलोय.

डेपोत विक्रम म्हणून एक ड्रायव्हर होता. दोन मिनिटं आधी गाडी सोडा म्हणून रोज गयावया करायचा, मुलीची शाळा सुटते म्हणायचा. एकदाही सोडली नाही मी. "साहेब, तुमचं घड्याळ काय देवाने दिलंय का?" असं म्हणाला होता. त्या विक्रमला आज तोंड दाखवता येणार नाही.

जेवताना हेमाने विचारलं, "अहो, झालंय काय? आमटीत मीठ नाही आणि तुम्ही बोलला नाहीत." सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, आता काय करू? तर म्हणाली, "माझ्याकडे काय बघताय? मी रेफरी आहे का?" थोड्या वेळाने ताटं उचलताना म्हणाली, "त्या अपूर्वाला बाळा म्हणालात ना तुम्ही?"

बुधवार, २४ डिसेंबर

सांगितलं.

प्रॅक्टिसच्या वेळी गेलो, सगळ्या पोरींना बोलावलं, मोबाइलवर दाखवलं. मागचा बोर्ड बघा म्हटलं. चूक माझी. मैना म्हणाली, "काका, कुणी इचारलं हुतं का तुमाला?" मग चेंडू जोरात आपटला आणि तोंड फिरवून निघून गेली. सुरुची मॅडम बराच वेळ शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होत्या. मग त्यांनी कमिटीला फोन लावला.

आलिया नळावर गेली, तोंड धुतलं, परत आली आणि फ्री थ्रो टाकायला लागली. माझ्याकडे पाहिलं नाही. मला फार लागलं ते.

शुक्रवार, २६ डिसेंबर

लीगचे सेक्रेटरी दत्तप्रसाद यांचा फोन. कमिटीचा निर्णय झाला — मॅच पुन्हा नाही, फक्त शेवटचे तीन सेकंद पुन्हा! त्याच दहा मुली, तोच स्कोअर, चेंडू तिथूनच. रविवारी सकाळी दहाला, आपल्याच ग्राउंडवर. "असं नियमात कुठे आहे?" मी विचारलं. "साहेब, लीग आपली, नियम आपले," म्हणाले. "आणि हो, तुम्ही टेबलावर नाही."

ते मी धरूनच चाललो होतो.

पण तीन सेकंद! संधी आहे अजून! तीन सेकंदांत अख्खं कोर्ट होत नाही, पण मधल्या रेषेपर्यंत नक्की जाता येतं, आणि तिथून आलियाचा हात... मी कागदावर चौदा आकृत्या काढल्या. सुरुची मॅडमना पाठवायची हिंमत झाली नाही.

रविवार, २८ डिसेंबर

तीन सेकंदांसाठी तीनशे माणसं! इतकी गर्दी तर अख्ख्या मॅचला कधी झाली नव्हती. येरवड्याहून लोक आले, पेठेतून निर्धारचं अख्खं खानदान आलं, डबे घेऊन! चहावाल्याने दोन स्टोव्ह लावले. दोन्ही टीमनी वीस मिनिटं वॉर्मअप केला — तीन सेकंदांसाठी!

मी सगळ्यात मागच्या ओळीत, कोपऱ्यात बसलो. हेमा पुढे जाऊन बसली. ठरवलं होतं, तोंड उघडायचं नाही. ओरडलो म्हणूनच तर हे झालं. आता कुठल्या तोंडाने ओरडणार? माझ्या आजूबाजूचेही गप्प. माझ्यामागून ओरडणारे ते, मीच गप्प म्हटल्यावर काय करणार!

शिट्टी. मैनाने फेकला. आलिया धावली, दोन टप्पे, मधली रेषा, थांबली. किंचित थांबली. मग सोडला. चेंडू हवेत असताना भोंगा झाला. म्हणजे बसला तर धरणार! रिंगवर एक फेरा. अर्धा फेरा. बाहेर.

सत्तावन्न–अठ्ठावन्न. आपण परत पाचवे.

अपूर्वाने येऊन आलियाला मिठी मारली. मी मागच्या फाटकाने घरी आलो.

गुरुवार, १ जानेवारी २०२६

ग्राउंडवर गेलो नाही. खिडकीतून ठक्-ठक् ऐकू येतं. खिडकी लावली. मग परत उघडली.

रविवारच्या मॅचलाही जाणार नाही. पोरींना माझं तोंड कशाला दाखवायचं? हेमाला तसं सांगितलं. ती म्हणाली, "तुमची मर्जी. मी जाणार आहे."

शनिवार, ३ जानेवारी

सकाळी सातला बेल. दारात आलिया, काखेत चेंडू. "काका, डेपोतलं स्टॉपवॉच घ्या आणि खाली या. तीन सेकंद लावायचे. तीन म्हणजे तीनच."

साठ वेळा लावले. तेवीस बसले! मैना चेंडू आणून देत होती. माझ्याशी बोलत नव्हती, पण एकदा मी बटण दाबायला उशीर केला तर हसली.

निघताना आलियाला म्हटलं, "पोरी, चूक झाली गं माझी." ती म्हणाली, "हो, झाली. पण रविवारी तुम्ही ओरडला का नाही? तुमचं 'पुढे चला' आलं की मी सोडते, तीन वर्षं तेच करते. त्या दिवशी ते यायची वाट बघत राहिले."

उद्या चारला मॅच. हेमाला ज्येष्ठमध काढून ठेवायला सांगितलंय.