नुसती पट्टी

केम, ४ मार्च २०२४

चि. इंद्रायणी हीस वच्छलाआक्काचे अ. आ. वि. वि.

न्हाय, मला फोनवर बोलता येत न्हाय असं काय न्हाय. येतंय की. पन कान गेल्यापासनं तुजं बोलनं मला मुंग्यांनी माती उकरल्यागत ऐकू येतं. आदिनाथ घरी असला की फोनचा आवाज मोठा करून मधी ठिवतो, मग तुजं दुकनं गोठ्यातल्या म्हशीपतुर जातं. तवा पत्र. चौथीपतुर शिकले त्येचा कुटं तरी उपेग व्हऊ दे. अक्षराला हसू नको.

आदिनाथ परवा श्रीपूरच्या कारखान्यावरनं आलता. बायकोला घिऊन तिकडंच ऱ्हातो, म्हैन्यातनं एकदा आईला तोंड दावतो. त्यो म्हनला की तुज्या शाळंत दाखला आनायला गेलो तर इंद्रामावशी भर हापिसाच्या टायमाला आंगनातल्या नळाखाली डोकं घालून हुबी व्हती, आनि मग रडली. आगं, तुजा नवरा गेला तवाबी तू चारचौघांत रडली न्हाईस. आता काय झालं?

उगं मनाला लावून घिऊ नको. ताकात सब्जा घाल आनि पी. एकटीचा सैपाक म्हनून चहा-बिस्कुटावर दिवस काडत असशील तर तितं यून कान धरीन.

माया हाय तेवढीच ठिव, नवी नको.

तुजी आक्का
वच्छला


सोलापूर, १२ मार्च २०२४

ती. वच्छलाआक्कास इंद्रायणीचा सा. न. वि. वि.

आदिनाथने नळाचं सांगितलं, पण कारण त्याला कुठे माहीत आहे? भाच्याला काय सांगणार? पाळी जाऊन दीड वर्ष झालं, आक्का. तेव्हापासून दिवसातून दहा-बारा वेळा पोटातून जाळ उठतो आणि कानापर्यंत येतो. छातीत धडधडतं, अंगातला ब्लाउज पिळून काढावा असा घाम, आणि पाठोपाठ थंडी. झोप नाही. त्या दिवशी अकरा मुलांच्या दाखल्यांवर मी जन्मतारखेच्या जागी शाळा सोडल्याची तारीख घातली. हेडमास्तर सगळ्यांसमोर म्हणाले की बाईंच्या शाळेत मुलं जन्मतात त्याच दिवशी शाळा सोडतात. सगळे हसले. मी पण हसले आणि नळाकडे गेले.

शेवटी एका डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी रक्तदाब घेतला, छाती तपासली, घरात कुणाला छातीचा कॅन्सर किंवा पायात रक्ताची गुठळी झाली होती का ते विचारलं. मग हार्मोनच्या पट्ट्या दिल्या. बोटभर, पारदर्शक, अंगाला चिकटवायची. आठवड्यातून दोनदा बदलायची. आणि रोज झोपताना एक गोळी. गोळी चुकवायची नाही असं दोनदा बजावलं. का ते पण सांगितलं, पण बाहेर इतकी गर्दी होती आणि मला इतकं लाजल्यासारखं झालं होतं की अर्धंच ऐकलं.

अनीशचा रविवारी बंगळुरूहून फोन येतो. बरी आहेस का विचारतो, मी बरी आहे म्हणते. पोटच्या मुलाशी हे कसं बोलू? तुझ्याशीच बोलते आहे.

तुझी
इंद्रायणी


केम, २० मार्च २०२४

चि. इंद्रायणीस आशीर्वाद. वि. वि.

पाळी गेली तर बरंच झालं की. कटकट गेली. त्येच्यासाटी डॉक्टर? आमच्या आईला कुटं डॉक्टर व्हता? पदरानं वारा घ्यायची आनि जात्यावर बसायची.

बरं, घेतलीस तर घेतलीस. पन मला कळंना, छातीत धडधडतं म्हनतीस तर पट्टी छातीवर का लावत न्हाईस? मी कंबरदुकीची लावती ती दुकतं तितंच लावती. आनि सोलापूरच्या उनात ती टिकती व्हय? तितं तर कपाळाची टिकली दुपारपतुर नाकावर येती. एक पट्टी मलाबी पाटव, माज्या गुडघ्याला लावून बगते.

बाकी हितं सगळं ठीक. म्हैस व्याली. तुजे दाजी गेल्यापासनं गोठ्यात बोलायला तेवढीच हाय, आनि ती कान हालवती, फोनागत आवाज मोठा करत न्हाय.

वच्छला


सोलापूर, २ एप्रिल २०२४

ती. आक्कास सा. न. वि. वि.

गुडघ्याची पट्टी नाही ती, आक्का! तुझं पत्र वाचून ऑफिसात एकटीच हसले, शिपाई घाबरला. ही कुठे दुखतं तिथे लावायची नसते. औषध कातडीतून रक्तात जातं. छातीवर तर अजिबात लावायची नाही. कमरेच्या खाली, पोटावर नाहीतर कुल्ल्यावर. सोमवारी डावीकडे, गुरुवारी उजवीकडे, म्हणजे कातडी सोलत नाही. जागा कोरडी पाहिजे, तेल नाही, घामोळ्याची पावडर नाही. उन्हाने कड सुटली तर हाताने दाबून धरते, पडलीच तर नवी लावते, बदलायचा वार मात्र तोच. काढलेली पट्टी चिकट बाजू आत घेऊन दुमडायची आणि कचऱ्यात, कारण तिच्यात औषध उरलेलं असतं. आणि माझी तुला पाठवायची तर मुळीच नाही. तुझा रक्तदाब, तुझं वय, तुला तपासल्याशिवाय नाही.

पण आक्का, गुण आला. जाळ दिवसातून दोन-तीनदाच. दाखले बरोबर जातात.

गोळीनेच वैताग आणलाय. घेतली की गुंगी येते, ती सकाळी पण उतरत नाही. पोट फुगल्यासारखं होतं. मंगळवारी गजर वाजून वाजून बंद झाला, मला कळलंच नाही. साडेदहाला जाग आली. अकरा वाजले तरी दार वाजवणारं कुणी नव्हतं. त्या दिवशी सारखं मनात आलं की मी उठलेच नसते तर कळायला रविवार उजाडला असता.

तुझी
इंद्रायणी


केम, १० एप्रिल २०२४

चि. इंद्रायणीस आ. वि. वि.

असलं अभद्र पुन्यांदा लिवलंस तर पत्र फाडून चुलीत घालीन.

आता नीट ऐक. आमच्या शेजारची सोजरबाई म्हाईत हाय न्हवं, जिच्या पोरीला पुन्यात दवाखान्यात नोकरी हाय? पोरगी तिला ह्याच पट्ट्या आनून देती. डब्बा दावला तिनं मला, तसलीच बोटभर, आरपार दिसनारी. तीन वर्सं झाली लावती. गोळी? एकबी न्हाय. नुसती पट्टी. ठनठनीत हाय, डोईवर कडब्याची पेंडी घिऊन चालती.

मग तुला गोळी कशाला? डॉक्टर लोकांचं असंच. एक दिलं की जोडीला दुसरं चिकटवायचं. पट्टीनं गुन आलाय, गोळीनं तरास, तर जेनं तरास त्ये सोडावं, हे चौथी शिकलेल्या बाईला कळतं, तुला बीए व्हऊन कळंना. तुला बारावीला माज्याकडं ठिवली ती माजं ऐकायला. सोड ती गोळी. माज्या शब्दाखातर सोड.

वच्छला


सोलापूर, २९ एप्रिल २०२४

ती. आक्कास सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं. गोळी सोडून पंधरा दिवस झाले. गुंगी गेली, पोट हलकं झालं. सहाला उठते आणि शेजारच्या पोरांना शाळेसाठी मीच हाक मारून उठवते. तुझ्या सोजरबाईला माझा नमस्कार सांग. डॉक्टरबाईंना कळवलं नाही, उगीच बोलणी कोण खाणार?

मे महिन्यात येईन म्हणाले होते, पण निकालाची कामं निघालीत.

तुझी
इंद्रायणी


केम, १५ जून २०२४

चि. इंद्रायणीस आ. वि. वि.

बगितलंस? आक्का अडानी हाय पन आंधळी न्हाय.

मे म्हैन्यात आली न्हाईस. आंबे करंडीत नासले. वाट बगितली असं न्हाय, नुसतं सांगती.

वच्छला


सोलापूर, १८ ऑगस्ट २०२४

ती. आक्कास सा. न. वि. वि.

हे वाचून घाबरू नकोस. गेल्या आठवड्यात मला रक्त गेलं. पाळीसारखं, चार दिवस. पाळी जाऊन दोन वर्षं होत आली, आणि पुन्हा रक्त.

डॉक्टरबाईंकडे गेले, त्यांनी त्याच दिवशी सोनोग्राफी केली. गर्भाशयाचं आतलं अस्तर फार जाड झालंय. गोळी घेते का विचारलं. मी सोडल्याचं सांगितलं. कुणाच्या सांगण्यावरून, असं विचारलं. मी म्हणाले, माझ्याच मनाने.

मग त्यांनी पुन्हा सावकाश समजावलं, या वेळी मी सगळं ऐकलं. नुसत्या पट्टीने पिशवीचं अस्तर वाढत जातं. त्याला आवरायला ती गोळी असते. ज्या बाईची पिशवी काढलेली आहे तिला सहसा गोळी लागत नाही. जिला पिशवी आहे तिने गोळी सोडून नुसती पट्टी लावली तर आत कॅन्सर होऊ शकतो. गोळीचा त्रास होत होता तर मला सांगायचं, दुसरी दिली असती, असं म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

काल आतला तुकडा तपासायला काढला. अहवाल यायला दोन आठवडे. पट्टी सध्या बंद, त्यामुळे जाळ पुन्हा सुरू. कागदावर जवळच्या नातेवाइकाचं नाव लिहायचं होतं. बरोबर कुणी आलंय का, असं नर्सने विचारलं. अनीशला अजून सांगितलेलं नाही. मी तुझं नाव लिहिलं आणि रिक्षाने घरी आले.

तुझी
इंद्रायणी


केम, २४ ऑगस्ट २०२४

इंद्रे,

पत्र आलं तशी उटून सोजरबाईकडं गेले. दारातनंच इचारलं की तुजी पिशवी हाय का. ती म्हनली की आगं, ती तर धाकट्याच्या वक्ताला काडली, पंचवीस वर्सं झाली, तुलाच म्हाईत न्हाय व्हय. मला म्हाईत व्हतं. मीच तिला भाकरी पोचवत व्हते.

मग घरी यून दारात बसले आनि गल्ली मोजली. अंग जड झालं, काडली. पांढरं जातंय, काडली. ऊस तोडायला जायाचं, अडचन नको, काडली. सात घरांत एका बाईची पिशवी जाग्यावर न्हाय. माजीबी बत्तिसाव्या वर्साला काडली. इंद्रे, बाईला पिशवी असती हेच मी इसरून गेले. पिशवी असलेली बाई मी इतक्या वर्सांत बगितलीच न्हाय. म्हनून तुजा घात केला.

तू डॉक्टरीनबाईला माजं नाव का सांगितलं न्हाईस? आता जा आनि सांग. अडानी भनीनं सांगितलं म्हनून सोडली, असं सांग. माजी लाज झाकू नको.

काल सकाळी ठेसनावर गेलते. तुज्याकडं यायला तिकीट काडलं, पिशवीत लुगडं आनि शेंगाचटनी व्हती. गाडी आली. माज्यासंगं हुबी असलेली मानसं चडली. मी बाकड्यावर बसूनच ऱ्हायले. दार उगडलंस की तुज्या तोंडाकडं कसं बगावं ते सुचंना. गाडी गेली. ठेसन मोकळं झालं. चटनी तितल्याच एका म्हातारीला दिली आनि चालत घरी आले.

अनीशला आजच्या आज सांग. कागुद आला की तार कर. तार बंद झाली म्हनत्यात. मग आदिनाथला फोन कर, म्हशीनं ऐकलं तर ऐकू दे.

वच्छला


सोलापूर, ५ सप्टेंबर २०२४

ती. आक्कास सा. न. वि. वि.

फोनवर आदिनाथकडून कळलंच असेल, तरी लिहिते, म्हणजे तुला हातात धरता येईल. कॅन्सर नाही. अस्तर जाड झालंय, पण पेशी वाईट नाहीत. आता दुसरी गोळी दिलीय, ती सहा महिने, मग पुन्हा तपासणी. पट्टीचं नंतर बघू म्हणाल्या. अनीशला सांगितलं. तो रात्रीच्या गाडीने आला. दोन दिवस राहिला. मला फार काही विचारलं नाही, पण सकाळी चहा त्याने केला.

डॉक्टरबाईंना तुझं नाव नाही सांगितलं. सांगणार पण नाही. सोडली ती मी.

एक विचारायचंय. तुझी पिशवी बत्तिसाव्या वर्षी काढली असं तू लिहिलंस. मी हिशेब केला. म्हणजे मी बारावीला तुझ्याकडे होते त्याच वर्षी. मला फक्त तुझं ऑपरेशन झालं एवढं सांगितलं होतं. त्यानंतर तू पार बदललीस. माझ्यावर कारण नसताना खेकसायचीस. एकदा तापलेला तवा अंगणात भिरकावलास. ऐन पौषात गोठ्यातल्या ओल्या जमिनीवर जाऊन पडायचीस. मी जवळ आले की दूर हो म्हणायचीस. मला वाटलं मी तुला जड झाले. म्हणून बारावी होताच बार्शीच्या वसतिगृहात गेले आणि पुन्हा तुझ्याकडे पाहुणी म्हणूनच आले. चौतीस वर्षं मी तेच धरून बसले होते.

डॉक्टरबाईंना विचारलं. पिशवीबरोबर अंडाशयं पण काढली की तरुण बाईला हाच जाळ एकदम लागतो, असं त्या म्हणाल्या. तुझं तेच होतं का गं? सगळं लिही. कुणी होतं का तुझ्याजवळ?

तुझी
इंद्रायणी


केम, १३ सप्टेंबर २०२४

चि. इंद्रायणीस आ. वि. वि.

कागुद चांगला आला. दोनदा वाचून घेतला, एकदा मी आनि एकदा पोस्टमनकडनं.

गोळी येळेवर घे. ह्या गोळीनंबी गुंगी आली तर डॉक्टरीनबाईला इचार. मला इचारू नको, सोजरबाईला न्हाय, गावातल्या कुनालाच न्हाय. अनीशला म्हनावं म्हैन्यातनं एकदा येत जा, आनि चहा पातळ करू नको.

तू इचारलंस त्येचं. व्हय, तेच व्हतं. तू जड न्हवतीस. तू बार्शीला गेलीस त्या दिवशी तुजी ट्रंक मीच गाडीत चडवली, तवा तुला थांब म्हनायचं व्हतं, पन अंगात असा जाळ उटला की तोंड फिरवून घरला आले. कुनी न्हवतं जवळ.

एवढं पुरं. त्या वर्साचं ह्येच्या फुडं मी काय सांगनार न्हाय, इचारू नको.

वच्छला