डाव्या पायाचा पट्टा

३ जानेवारी
लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत यांनी मला सायकल शिकवली. कॅरिअर धरून मागे पळायचे, धापा टाकत गप्पा मारायचे. एकदा वळणावर मागे पाहिलं तर हे लांब उभे, हात हलवत! न सांगता सोडलं. मी थेट कुंपणात. राग नाही. व्रण आहे.
आता साठीत यांच्याच फ्लाइंग स्कूलमध्ये हेलिकॉप्टर शिकतेय. आज जमिनीपासून थोडं वर उचलून एका जागी धरलं. झोपलेल्या बाळासारखं. संकल्प: उन्हाळ्याआधी एकटीने उड्डाण.

१९ जानेवारी
भरपूर वारा. तरी तसूभर हललं नाही. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर म्हणायच्या, पाठ ताठ ठेवा, बाकीचं आपोआप जमेल. जमलं. माझ्यात हे उपजतच असावं.

२ फेब्रुवारी
मेकॅनिक यांना म्हणाला, साहेब, त्या दिवशी एवढ्या वाऱ्यात काय स्थिर धरलंत! मी विचारलं, धरलंत म्हणजे? हे चहाच्या कपात बघत राहिले. कंट्रोल दोघांपुढेही असतात, एकमेकांना जोडलेले. म्हणाले, अगं, पहिल्या दिवसापासून माझा हात होताच की.
तेव्हा न सांगता सोडलं. आता न सांगता धरलं. आजपासून अबोला.

१० फेब्रुवारी
अबोला सुटला, माझ्या अटींवर. उद्या सगळं मी करणार, आधीची तपासणीसुद्धा. मेकॅनिकने जवळ यायचं नाही. यांनी मागून तपासायचं नाही, लिव्हरला बोट लावायचं नाही. यांनी शब्द दिलाय.

११ फेब्रुवारी, दवाखान्यात
मला खरचटलंय. यांचा हात मोडलाय.
वाऱ्याने कलंडू नये म्हणून उभ्या हेलिकॉप्टरचे दोन्ही पाय पट्ट्यांनी जमिनीला बांधून ठेवतात. उजवा पट्टा मी अगदी व्यवस्थित सोडला. तेवढ्यात बघायला आलेली सून म्हणाली, आई, फोटो! डाव्या बाजूला उजेड छान होता. फोटो काढला आणि यांच्या शेजारी जाऊन बसले.
हेलिकॉप्टर उचलायचा लिव्हर वर खेचला. उजवा पाय उठला, डावा नाही. हे ओरडले, खाली घे, खाली! पडत असताना खाली कोण घेतं? मी आणखी वर खेचला. यांनी दिलेला शब्द मोडून लिव्हर दाबला. तोवर आम्ही आडवे.

१२ फेब्रुवारी
फोटोत पट्टा माझ्या पायाशी स्पष्ट दिसतो. मी हसतेय. अँगल चुकीचा आहे.

२० फेब्रुवारी
चौकशीवाले आले. हे गळ्यात हात बांधून म्हणाले, चूक माझी, ती शिकाऊ आहे. म्हणजे चूकसुद्धा यांनीच धरायची? मी म्हटलं, अहो, पट्टा मी विसरले, माझं मला राहू द्या. यांनी जबाबाचा कागद माझ्याकडे सरकवला. यावेळी खरंच सोडलं.

१ मार्च
शिकणं बंद. गॉगल मेकॅनिकला द्यावा. हेडसेट सुनेला, मी स्वयंपाकघरात सूचना देते तेव्हा कामी येईल. डावा पट्टा माझ्या कपाटात राहील, कुणी मागू नये. सायकल यांना. हात बरा झाला की डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय. कॅरिअर मी धरीन. सोडताना सांगेन.