सहा महिन्यांचं इंजेक्शन

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार (कागदावरच, गुडघे आता तेवढे वाकत नाहीत). तुझा खोकला कसा आहे? वहिनी काढा देते की नुसती बोलणी?

इकडे मी एका नव्या औषधाच्या चाचणीत नाव घातलंय. रक्तदाबाची गोळी मी विसरते, मग हे आठवण करून देतात आणि त्यानेच माझा दाब वाढतो. हे इंजेक्शन मात्र सहा महिन्यांतून एकदाच. डॉक्टरबाईंनी नीट समजावलं. यकृतात एक प्रथिन बनतं, त्याच्या पुढच्या उलाढालीत रक्तवाहिन्या आवळल्या जातात. ते बनवायचा हुकूम जनुकाकडून आरएनए नावाच्या चिठ्ठीवर निघतो. औषधही आरएनएचाच एक तुकडा. तो ती चिठ्ठी वाटेतच फाडायला लावतो. जनुक जागच्या जागी, फक्त त्याचं कुणी ऐकत नाही. (आमच्या घरात ह्यांचं जे आहे तेच. बाईंनी हसू दाबलं.)

मी विचारलं, "उद्या जुलाब होऊन दाब फारच उतरला, तर सहा महिन्यांचं इंजेक्शन परत कसं काढणार?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तोच प्रश्न आम्हालाही पडलाय. त्यावर काम चाललंय. म्हणून तर तुमच्यावर नजर ठेवणार."

पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण 'अजून माहीत नाही' असं मी वर्गात एकदाही म्हटलं नव्हतं. तिथेच सही केली. (तुलनेसाठी काहींना नुसतं मिठाचं पाणी टोचतात. मला औषध टोचलं की मिठाचं पाणी, हे मलाही ठाऊक नाही आणि टोचणारीलाही नाही. दोघी एकमेकींकडे संशयाने बघत होतो.)

नजर म्हणजे दंडाला दिवसभर बांधलेला पट्टा. दर अर्ध्या तासाने तो फुगतो, तेवढा वेळ हात हलवायचा नाही. इमारतीच्या सभेत, लिफ्ट बसवायच्या ठरावाच्या बाजूने हात वर करा म्हटलं आणि नेमका तेव्हाच फुगला. दुसऱ्या हातात सगळ्यांच्या चहाचा ट्रे. ठराव एका मताने पडला. चौथ्या मजल्यावरची आता जिन्यात ओळख देत नाही. त्या वेळच्या आकड्याभोवती बाईंनी लाल शाईने गोल काढलाय.

तुझी धाकटी

ता. क. – तूही दाब मोजून घे. वहिनीला मी आधीच कळवलंय, तेव्हा सुटका नाही.

आणखी एक – बाईंच्या अर्जातला एक रकाना मी कोरा ठेवलाय : वडील कशाने गेले? मी चार वर्षांची होते, मला 'दमले होते' एवढंच सांगितलं. तू बारा वर्षांचा, त्यांच्या उशाशी होतास. आई असेपर्यंत विचारायची सोय नव्हती, नंतर तुझ्या तोंडाकडे बघून धीर झाला नाही. जे पाहिलंस ते लिही. रकाना एका ओळीचा आहे, पण तू मोठा कागद घे.