तोच थर दोनदा

४ मार्च

मेव्हण्याने आज शिंपलेबाईंचे – दगडाचं वय काढायला आलेल्या भूशास्त्रवाल्या बाईंचे – ट्रे घणाने फोडले! खाणीच्या भिंतीच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत हात-हात अंतरावर काढलेले नमुने – सगळ्याचा भुगा. चुरा बाईंच्या केसांत, चष्म्यावर. बाई रडल्या नाहीत. चष्मा पुसत म्हणाल्या, "फोडा. निम्मे कधीच प्रयोगशाळेत पोचलेत."

मला हसू आलं. मग मेव्हण्याची गचांडी धरली. पहिली थप्पड माझीच. पुढे कोण वर, कोण खाली, आठवत नाही. त्याचा ओठ फाटला. त्याने एक ठेवून दिली ती डाव्या कानावर. दगड पारखायला लावतो तोच कान! कामगार डबे उघडून बघत होते. मालकाचा फुकट तमाशा.

बायको बोलत नाही. भाऊ तिचा.

५ मार्च

कानात भुंगा.

६ मार्च

डोकं निवलंय, तर भांडण कशाचं ते लिहितो.

आमची खाण म्हणजे एके काळचा समुद्राचा तळ. दगडात डोळ्यांना न दिसणारे शिंपले – प्रत्येक काळाची घडण वेगळी. बाई ते सूक्ष्मदर्शकाखाली बघून थराचं वय सांगतात. भिंतीत एक काळपट पट्टा आहे. त्याच्याखाली गोंडस, पीळदार शिंपले. वर नुसतं किडुकमिडुक उरलेलं. मध्ये सगळं मेलं! एका फटक्यात समुद्रच्या समुद्र. ऐकताना अंगावर काटा आला.

पण आणखी वर गेलं की पुन्हा पीळदार. पुन्हा पट्टा. पुन्हा किडुकमिडुक.

"मेलेले परत जन्मत नाहीत, काका," बाई म्हणाल्या. म्हणजे थर तोच, दोनदा. कधी काळी डोंगर फाटला आणि एक तुकडा दुसऱ्यावर चढून बसला. मधल्या सांध्यात चिकणमाती. खाली सुरुंग लावाल तर वरचा तुकडा घसरेल, म्हणाल्या.

सुरुंगाचं काम मेव्हण्याकडे. बत्ती देऊन तो पायथ्याच्या आडोशात बसतो. "दाजी, टरफलांना विचारून खाण चालवायची का?" – असं म्हणाला आणि घण उचलला.

९ मार्च

प्रयोगशाळेतून कार्बनचा निकाल आला. कार्बन हलका असतो, जड असतो. एवढं मरण झालं की दगडात हलक्याचं प्रमाण एकदम वाढतं. आमच्या भिंतीत ते दोनदा वाढलंय, बरोबर दोन्ही पट्ट्यांपाशी. शिंपले आणि यंत्र, दोघांची साक्ष एकच.

मेव्हणा ओठाला बर्फ लावून ऐकत होता. म्हणाला, दाजींच्या कानाने काय ते ठरवू. बद्द वाजलं तर सुरुंगाचं भोक पाडणार नाही, बहिणीची शपथ.

बायको आज पहिल्यांदा बोलली. "त्याला परत मारू नका."

१० मार्च

हातोडा घेऊन मी दगडाला कान लावला. ही खाण मी कसलेल्या हातांनी, भाड्याच्या हातोड्याने सुरू केली होती. आता माझा अंगठा वर गेल्याशिवाय इथे यंत्र फिरत नाही. एकसंध दगड घंटेसारखा वाजतो, आतून सुटलेला बद्द.

ठोका मारला. बद्द.

सरकून मारला. बद्द.

जिकडेतिकडे बद्द कसं वाजेल? गेला कान! त्याच्या एका फटक्यात गेला. समोर तो उभा, मागे सगळी माणसं. बद्द म्हणालो तर हसेल, तुमचा कान मीच फोडलाय म्हणेल. कान गेला म्हणालो, तर उद्यापासून माझं ऐकणार कोण?

अंगठा वर केला. "वाजतोय. लावा उद्या."

मेव्हणा खुश. खांद्यावर हात टाकून म्हणाला, "राग सोडा आता, दाजी." बाई आपलं सामान गाडीत भरत होत्या.

११ मार्च

कुणाला न सांगता कानाच्या डॉक्टरकडे आलोय. त्यांनी आत दिवा धरला. मागे उभं राहून कुजबुजले, मी शब्द न् शब्द परत म्हटला. लोखंडी चिमटा वाजवला, तो विरेपर्यंत ऐकू आला. "नुसती सूज आहे," म्हणाले. "कान तरुणासारखा आहे तुमचा."

मग दगडच बद्द होता.

मेव्हण्याला फोन लावला. वाजतोय. उचलत नाही.

बार झाला. इथवर ऐकू आला, दोन्ही कानांनी.

त्याच्यामागून दुसरा आवाज – तो अजून थांबलेला नाही.