गुड्डीचा समुद्र

चंदनच्या आईले जहाजावरून रामराम.

या सफरीची जी किंमत मी आंधळगावभर सांगितली, ती तिकिटाची. खरी किंमत म्हणजे गुड्डीची दोन दिवसांची झोप अन् परवा तुझ्याशी फोनवर बोललेलं एक खोटं. "गुड्डी झोपली आहे," म्हणालो; ती झोपली नव्हती, तापानं पडली होती.

घाबरू नको. जहाजावरचा डॉक्टर भला आहे. चंदन अन् सूनबाई तिले आळीपाळीनं मांडीवर घेऊन बसतात. पण आपल्या हातमागाचा ठेका चुकला की धागा तुटला, हे मी अंगणातूनच ओळखत होतो ना? तसा तिचा श्वास चुकून राहिला. डॉक्टर नर्सले हळूच म्हणाला, "किनारा आते ही सीधा अस्पताल." मी ऐकलं. चंदनले सांगितलं, सूनबाईले नाही.

"सात महिन्यांचं लेकरू, नेऊ नका," तू म्हणाली होतीस. मी चार लोकांत म्हणालो, "आपल्या घराण्यात समुद्र पाहणारी पहिली माझी नातच राहीन."

उद्या उतरलो की फोन करीन, पण तुझा आवाज ऐकून मी पुन्हा खोटं बोलीन. म्हणून हा कागद लिहून राहिलो. रेंज आली की याचा फोटो शेजारच्या करुणाले पाठवतो, ती वाचून देईल. तुझे गुडघे कसे आहेत? देवाजवळ दिवा लाव.

गुड्डीनं समुद्र अजून पाहिला नाही. जहाजावरच्या आमच्या खोलीले खिडकी नाही.

टिकाराम