पांढऱ्या केलेल्या भिंती

सोमवार, १४ मार्च १९५५

जो तडा मला दिसला नाही, अहवालात त्याच्यापुढे मी 'नाही' असं कशाच्या जोरावर लिहिलं?

पाहणीच्या वेळी गावातल्या रोजामावशींच्या घरी मोजायची फीत विसरले होते, ती आणायला अंधेरीला गेले. मागच्या आठवड्यात खाणीच्या सुरुंगांविरुद्ध गावाचा अर्ज आला, म्हणून कचेरीने मला तिथे पाहणीला धाडलं होतं. आठ घरं, एक विहीर. सकाळीच उरकलं. सुरुंग दुपारी उडतात, हे अर्जातच होतं.

आज दुपारी तिथेच होते. खाणीची शिटी झाली, मावशींनी कपाटातल्या बश्या हातांनी धरल्या. दणका. भिंतीवरचा ताजा चुना पोपडे होऊन पडला. मागे तडा, माझं बोट जाईल एवढा. खाली सुनेची खाट. तिला आठवा महिना.

मावशीच ओशाळल्या. "तू येनार म्हनून चुना लावला गो. फुटक्या घरान शिकलेली पोर कशी बसवायची?"

बाकीची सात घरंही पांढरीशुभ्र होती. मी मनात म्हटलं होतं, काय टापटिपीचं गाव!

मंगळवार, १५

रात्रभर एकच आठवत होतं. पाहणीच्या दिवशी मावशींनी पेल्यातून पाणी दिलं होतं. अहवालात माझं वाक्य: 'विहिरीचे पाणी स्वच्छ व गोड.' काल विचारलं. म्हणाल्या, "तां पानी देवळाच्या विहिरीचा. आमचा गढूळ तुला कसा देऊ?" देऊळ म्हणजे त्यांचं चर्च, मैलभर लांब. डोक्यावरून आणलेलं.

विहिरीत मी वाकूनसुद्धा पाहिलं नव्हतं. बी.ए.

बुधवार, १६

हेडक्लार्कना सांगितलं. "बाई, अहवाल वर गेला. अर्ज निकाली निघेल आता. तेव्हा डोळे काय घरी ठेवले होते?" मग आवाज उतरवून, "तुमची जागा हंगामी आहे. कायम व्हायचंय ना? मग गप्प राहा."

मी 'हो' म्हटलं. हो म्हटलं!

गुरुवार, १७

संध्याकाळी गिरणीतून बाबांचे दोन मित्र आले. बाबांनी गणपतीच्या तसबिरीमागून माझ्या अहवालाची कार्बन कॉपी काढली. "माझ्या चेडवाचा अक्षर बघा, छापल्यासारखा! सरकार वाचतला ह्या." मित्रांनी कागद हात पुसून धरला. मी चहा करायला उठले आणि स्टोव्हपाशी उगाच उभी राहिले.

शनिवार, १९

अर्धा दिवस कचेरी, मग अंधेरी. कचेरीतल्या म्हाताऱ्या ओव्हरसियरनी युक्ती सांगितली होती: तड्यावर आडवी कागदाची पट्टी खळीने चिकटवायची, तारीख घालून सही करायची. तडा हलला तर पट्टी फाटते. आठ घरांत अकरा पट्ट्या लावल्या. सून म्हणाली, "आता भिंतीलाय परीक्षा काय गो, बाय?" सगळ्या हसल्या. मीही.

सुरुंगानंतर सात फाटल्या, त्या काढून घेतल्या. मावशींच्या घरची पहिली. विहिरीत बादली सोडली, वर लाल चिखल आला. बाटलीत भरून घेतला.

निघताना मावशी म्हणाल्या, "परत कोन येयाचा असेल तं आधी सांग. घर साफ करून ठेवू."

नका करू म्हटलं. त्यांना ते पटलं नाही.

सोमवार, २१

आज संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. तसबिरीमागची कॉपी काढून माझ्यासमोर ठेवली. "ह्या खोटा?"

"हो."

"नोकरी जातली?"

"माहीत नाही."

मी कॉपीवर आडवं लिहिलं, 'चुकीचा. पाहणी नीट केली नाही.' खाली सही. बाबांनी कागद उचलला, त्या अक्षरावरून बोट फिरवलं, मग घडी घालून परत तसबिरीमागे ठेवला.

मोठ्या साहेबांच्या नावाचं, चूक कबूल करणारं पत्र आणि फाटलेल्या पट्ट्या मी सकाळीच रजिस्टर करून आले होते. बाबांना सांगायच्या आधी. त्यांचा चेहरा पाहिला असता तर पोस्टात गेले नसते.