ईशानला काय आठवेल

२ जुलै, बुधवार

पक्कं झालं. आशयला नेदरलँड्सची नोकरी मिळाली. सतरा ऑगस्टचं विमान. तो, शमिका आणि ईशान. मी नाही. माझा प्रश्नच नव्हता, त्यामुळे कुणी काही म्हटलंही नाही.

जेवताना मी एवढंच बोलले, की ईशानला जड जाईल. तर शमिका म्हणाली, "नाही हो आई, उलट हेच वय बेस्ट. साडेतीन वर्षांच्या आधीचं मुलांना मोठेपणी काही आठवत नाही. रिसर्चच आहे तसा. इथलं सगळं विसरून जाईल बघा तो."

समजूत काढत होती माझी बिचारी. मी कानडीतलं सरी म्हणाले, बरं म्हणून, आणि तिला ताक वाढलं.

ईशानला साडेतीन पूर्ण होतील ऑक्टोबरात. म्हणजे सगळं आधीचंच की.

५ जुलै, शनिवार

शमिका म्हणते ते खरं आहे. स्वतःवरूनच बघितलं.

आमची आई सांगायची, "तुझ्या आजीनं तुला दोन वर्षं मांडीवरून खाली ठेवलं नाही." मला त्या आजीचा चेहरासुद्धा आठवत नाही. आवाज नाही, हात नाही, काही नाही. आणि खरं लिहायचं तर मला तिच्याबद्दल कधी काही वाटलंही नाही. त्रेसष्ट वर्षांची झाले, आज पहिल्यांदा वाटलं. आपल्याला ही पोर विसरणार हे तिला ठाऊक होतं का?

मी निपाणीहून इथे आले तेव्हा ईशान तीन महिन्यांचा होता. शमिकाची रजा संपत आलेली. "थोडे दिवस ये," असं आशय म्हणाला होता. आठव्या मजल्यावर धुरी द्यायची सोय नाही, छतावरचा भोंगा बोंबलतो. म्हणून मऊ धोतराचा तुकडा इस्त्रीने गरम करून त्याचं पोट शेकायचे. दात येताना माझं बोट चावून चावून काळं केलं होतं त्याने. आणि ते पहिलं पाऊल! ते त्याने माझ्याकडे टाकलं, सोफ्यापासून माझ्या गुडघ्यापर्यंत. आशयला आणि शमिकाला मी सांगितलंच नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर चालला, त्यांनी टाळ्या पिटल्या, फोटो काढले, तेच पहिलं ठरलं. ठरू दे म्हटलं. आईबापाचा हक्क.

पण आता त्या खऱ्या पहिल्या पावलाचे साक्षीदार दोघंच. आणि त्यातला एक विसरणार.

१३ जुलै, रविवार

सोसायटीतली मराठी मंडळी महिन्यातून एकदा खाली क्लबहाउसात जमतात. आज शमिकाने ढकललंच मला. तिथे एक उंच गृहस्थ, चाळिशीचे. निपाणी म्हटल्यावर उडालेच. "कुठल्या शाळेत होतात?" शाळेचं नाव सांगितलं तर म्हणाले, "अहो, माझीच शाळा ती!"

गुंडो. मी लगेच ओळखलं. पहिलीला मीच शिकवलेला.

"क्षमाबाई आहेत का हो अजून?" हा पहिला प्रश्न. "काय मारायच्या! पट्टी आडवी नाही, उभी. अजून बोटं दुखतात माझी." बायकोला बोलावून घेतलं, तिला सांगितलं, मोबाइलवर कुणा जुन्या मित्रालाही कळवलं. क्षमाबाई, क्षमाबाई. डोळे ओले झाले होते त्याचे हसून. मग मला म्हणाला, "तुम्ही पण तिथेच शिकवायला होतात का? कुठला वर्ग?"

"पहिली."

"अच्छा." आणि फार सभ्यपणे, "पहिलीचं काही आठवत नाही हो, सॉरी."

हा पोरगा डावरा. बाप त्याचा डावा हात करदोट्याने कमरेला बांधून शाळेत पाठवायचा. रोज मी तो सोडायचे आणि सुटताना परत बांधायचे, बापाला कळू नये म्हणून. शेवटी एकदा बापाला वर्गात बोलावून चांगली भांडले, तेव्हा ते थांबलं.

आज चहाचा पेला त्याच्या डाव्या हातात होता.

१४ जुलै

नाव क्षमा, हातात कायम पट्टी. आणि लक्षात राहिली तीच.

२२ जुलै, मंगळवार

काहीतरी मोठं करायचं ठरवलं होतं. असं, की पोर विसरणारच नाही. आशयच्या मागे लागले, तर परवा रविवारी सगळे येलहंक्याला गेलो, विमानं बघायला. नशिबाने दोन उडाली, अगदी डोक्यावरून. ईशान माझ्या खांद्यावर. "आजी, विमान! आजी, विमान!" चकल्या खाल्ल्या, येताना गाडीत माझ्या मांडीवर झोपला. मी भरून पावले होते.

काल विचारलं, "आपण फिरायला गेलो तेव्हा काय बघितलं रे?"

"कुत्रं."

तिथे टपरीपाशी एक कुत्रं याच्यावर भुंकलं होतं. घाबरून माझ्या गळ्याला मिठी मारली होती. विमान विचारलं, तर माझ्याकडे बघत बसला. आज परत विचारलं. कुत्रंच.

म्हणजे गोड ते पुसलं जातं आणि भ्यायलेलं राहतं. इतकी वर्षं पोरांत काढली आणि हे मला कधी दिसलं नाही.

३० जुलै, बुधवार

आशय म्हणाला, "आई, तू हल्ली गप्प गप्प का?" सांगून टाकलं. लाज वाटली, पण सांगितलं. की तो मला विसरेल.

"अगं, रोज व्हिडिओ कॉल करू की. आणि एवढे फोटो आहेत!"

फोटो मीही बघितले मग, दुपारभर. सगळे मीच धरलेल्या पोराचे. ईशान आणि एक हात. ईशान आणि पदराचा काठ. एकात माझी अर्धी हनुवटी आहे. कुणाची चूक नाही, फोटो बाळाचाच काढतात.

एक विचार येतोय. चांगला नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार

आज मी काय केलं ते लिहिते. कुणाला सांगणार नाही, पण लिहिते.

जाण्याआधी ईशानला बनशंकरीच्या देवळात नेऊन आणते म्हटलं. शमिका सामान भरण्यात, तिला बरंच वाटलं. पवित्रा, आमची कामवाली, परवाच बोलली होती, "अज्जी, शुक्रवारी मी नाही, वरमहालक्ष्मी." आमच्याकडे निपाणीत त्या सणाचं काही नसतं. त्यामुळे ती रजेवर एवढंच डोक्यात राहिलं. देवळात गेले तर पाय ठेवायला जागा नाही. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आलेल्या, जिथे तिथे लिंबाच्या सालीतले दिवे.

तेव्हाच परत फिरायला हवं होतं.

माझं ठरलं होतं. त्याचा हात सोडायचा, खांबामागे उभं राहायचं. तो घाबरेल, रडेल. मग मी एकदम पुढे होऊन उचलून घेणार. एवढंच. हरवलो होतो आणि आजी आली, हे पोर आयुष्यात विसरणार नाही, असं मला वाटलं. कुत्रं लक्षात राहतं तर आजी का नाही.

सोडला हात.

तो रडला नाही. उभा राहिला. एकेका बाईचं तोंड मान वर करून बघायला लागला. हाक नाही, काही नाही, नुसता बघतोय. मला वाटलं, अजून थोडं, अजून रडला नाही. हे मी केलं! मी थांबले, पोर रडावं म्हणून.

तेवढ्यात आरतीची घंटा झाली आणि मागची सगळी गर्दी पुढे आली. नुसते पदरच पदर. ईशान नाही. मी खांब सोडून धावले. "मगू, चिक्क मगू," बाळ, लहान बाळ, म्हणून ओरडत सुटले. कानडी, मराठी, काय तोंडात येईल ते. एकीचा दिवा पायाने उडवला, ती शिव्या देत होती. चपलांच्या जागेपर्यंत गेले, रस्त्यावर बघितलं. पोर गेलं, मी घालवलं, आशयला काय सांगू, एवढंच डोक्यात.

मग परत आत आले, आणि तो होता. मी लपले होते त्याच खांबामागे. माझा पदर दिसला असणार त्याला. तो मला शोधत तिथे आला, आणि तोवर मी त्याला शोधायला निघून गेलेली. एक बाई त्याचे डोळे पुसत होती. "अज्जी बंदरू, नोडू," म्हणाली. आजी आली बघ.

मी उचलून घेतलं. त्याने मिठी मारली नाही. हात खाली लोंबत ठेवले.

९ ऑगस्ट

माझ्या हातून जेवला नाही. शमिकाने भरवलं.

११ ऑगस्ट, सोमवार

अंघोळीच्या वेळी शमिकाला सांगत होता. मी दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी.

"आजी हरवली."

"हो? कुठे हरवली आजी?"

"तिथे."

"मग सापडली का?"

तो तांब्याने पाणी उडवायला लागला. शमिका हसून बाहेर आली. "बघा, काय काय गोष्टी रचतो हल्ली!" मी टॉवेल दिला. सांगायचं होतं, अगदी ओठावर होतं. पण मग जायच्या तोंडावर तिने त्याला माझ्याजवळ ठेवलं नसतं, आणि सहाच तर दिवस राहिले होते. स्वार्थी बाई आहे मी.

१७ ऑगस्ट, रविवार

गेले.

विमानतळाच्या दारातून आत जाताना आशय म्हणाला, "आजीला पापी दे." ईशानने आईच्या खांद्यात तोंड खुपसलं. "झोप आलीय त्याला," म्हणाली शमिका. माझं मन राखत होती.

सप्टेंबरअखेरीला फ्लॅटमध्ये भाडेकरू येणार. तोवर मी इथेच. मग निपाणी.

१९ ऑगस्ट

पवित्राला दुपारी म्हटलं, हळू बोल, बाळ झोपलंय. तिने भांडी हळू घासली.

३१ ऑगस्ट, रविवार

कॉल आला. खाली सोसायटीच्या गणपतीचे ढोल, काही धड ऐकू येईना. ईशानला नवा लाल कोट. "हाय" म्हणाला. आजी म्हणाला नाही. तिकडच्या शाळेतला एक शब्द बोलून दाखवला आणि पळाला. "इथे फार रमलाय," आशय म्हणाला.

शमिकाचा रिसर्च बरोबर होता. दोन आठवड्यांत धुऊन निघाले मी. त्याबरोबर ते देऊळही जाईल, हे एक बरं. पण मला बरं वाटत नाही. कशानेच वाटत नाही. सकाळी उठून पाणी गरम करते आणि मग आठवतं, की अंघोळ घालायला कुणी नाही.

माझी ती आजी. तिचं नावही मला विचारूनच कळलं होतं.

२१ सप्टेंबर, रविवार

शमिकाचा फोन. हसत हसत सांगत होती. "आई, याचं एक नवीनच! स्टेशन असू दे, दुकान असू दे, खांब दिसला की हात सोडून पळतो आणि मागे जाऊन बघतो. प्रत्येक खांब! का रे म्हटलं, तर म्हणतो, आजी आहे. काल गाडी चुकली आमची."

मी विचारलं, "आणि नाही दिसली की?"

"काही नाही. रडत वगैरे नाही. पुढच्या खांबाकडे जातो."

विसर रे राजा. विसर मला.